चष्म्याचा नंबर

सोमवार

खोलीतल्या टेबलावर एक वही होती. वर रिसॉर्टचं चित्र, सोबत पेन. फुकटची आहे, असं ह्यांनी सांगितलं, म्हणून म्हटलं लिहू या. नाहीतरी इथे बोलणार कोणाशी? आजूबाजूच्यांची भाषा मला कळत नाही, आणि ज्यांची कळते त्यांनी विमानात बसल्यापासून तोंडाला कुलूप लावलंय.

सहल लेकीने दिली, लग्नाच्या वाढदिवसाची भेट. "आई, आठवडाभर सुईदोऱ्याचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, लग्नसराई तोंडावर आली असताना दुकान बंद ठेवायचं? मला वाटलं हेच आधी नाही म्हणतील. अंगात ताप असताना शटर उघडणारा हा माणूस. पण हे पटकन म्हणाले, "जाऊ या." तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

हे मला इथे कशाला घेऊन आलेत ते मला ठाऊक आहे. लिहूनच टाकते. मला मशीनवरून उठवायचं आहे. आमच्या दुकानाची रीत पहिल्यापासून एकच: कात्री ह्यांची, मशीन माझं. हे कापणार, मी शिवणार. मी कात्रीला हात लावत नाही, हे माझ्या पायडलला पाय लावत नाहीत. गिऱ्हाइकं ह्यांना मास्टर म्हणतात, आणि खोटं नाही, ह्यांचा काप डोळे मिटून शिवावा असा. पण गेलं वर्षभर माझी शिलाई बिघडलीय. कडा जुळत नाहीत. बाही मुंढ्यात बसत नाही, ओढून बसवली की चुण्या पडतात. उसवा, पुन्हा शिवा, पुन्हा तेच. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ब्लाउज तीनदा परत आणला, शेवटी मलाच बोलल्या. गेल्या महिन्यात एका काकूंनी कोट काउंटरवर आदळला आणि भर दुकानात म्हणाल्या, "बाई, आता घरी बसा, दुसऱ्यांचं कापड वाया घालवू नका." चार बायका ऐकत होत्या. हे तिथेच उभे होते, खडू शोधत. एरवी मला कोणी वावगं बोललं तर ह्यांना खपत नाही, पण त्या दिवशी मान वर केली नाही. ते तरी काय बोलणार? चुण्या दिसतच होत्या.

दुकान गेलं तर मी काय करू, हा विचार मी रोज सकाळी उठल्याउठल्या करते.

आज इथे पोचल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने सहीसाठी कागद पुढे केला. ह्यांचे हात खिशात. "तूच कर सही, माझा चष्मा बॅगेत आहे." चष्मा कपाळावर होता.

मंगळवार

समुद्र छान आहे. किनाऱ्यावर माणसं वाळवण घातल्यासारखी पसरलेली असतात, थोड्या वेळाने स्वतःच स्वतःला उलटतात. कपडे अंगावर नावापुरते. पहिल्यांदा मी मान फिरवली, मग शिलाई बघायला लागले. एवढ्याशा कापडाला इतकी सुबक किनार घालायची म्हणजे चेष्टा नाही.

सकाळी जेवणघरात नाना प्रकार मांडलेले. ह्यांनी ताटलीत पाव आणि केळं घेतलं, बस्स. मी म्हटलं, "अहो, ते अंड्याचं तरी घ्या. काटा-चमचा काय आपल्याला नवा आहे?" तर म्हणाले, "भूक नाही." चहाचा कप अर्धाच भरून आणला आणि उचलून पिण्याऐवजी टेबलावर ओणवे होऊन प्यायले. समोरच्या टेबलावरचं जोडपं बघत होतं. मला लाज वाटली.

आणखी एक नवीनच. इथे जो तो हात पुढे करतो, मॅनेजर काय, माळी काय. हे कोणाचाही हात हातात घेत नाहीत, दोन्ही हात घट्ट जोडून वाकतात. कधी देवासमोर हात न जोडलेला माणूस इथे येऊन एकदम एवढा सात्त्विक कसा झाला कोण जाणे.

दुपारभर पाण्याच्या कडेला बसून राहिले, दोन्ही हात मनगटापर्यंत ओल्या वाळूत खुपसून. मी विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही. गार वाटतं."

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "हो. जेवण झालं की सांगतो."

मी दोन घासांत ताटली बाजूला सारली. जेवण झालं आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

खरं सांगायचं तर ह्यांनी माझ्यासाठी कमी केलं नाही. कडा जुळेनाशा झाल्या तेव्हा हेच मला चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. त्याने तपासून सांगितलं, नंबर आहे तोच आहे. मी म्हटलं, मग काय झालं असेल? हे म्हणाले, "दुसऱ्याकडे दाखवू." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. दोन्ही वेळा दुकान बंद ठेवून बरोबर आले, बाहेर बाकावर बसून राहिले. एवढं करणारा नवरा आता दुकान बंद करू म्हणाला तर मी कोणत्या तोंडाने भांडू?

गुरुवार

काल लिहिलं नाही. काल दोघं एकमेकांना चुकवत होतो.

आज लेकीचा फोन आला. हे आंघोळीला गेलेले. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "आई, बाबांनी सांगितलं ना?"

"काय?"

फोनवर एवढी शांतता की मला तिच्या घरातला पंखा ऐकू आला. मग म्हणाली, "काही नाही गं. नीट जेवताय ना दोघं?"

म्हणजे लेकीलाही माहीत आहे. बापलेकीने बसून ठरवलं, आईला समुद्र दाखवायचा आणि गोड बोलून घरी बसवायचं. माझ्या डोक्याचा भडका उडाला. हे बाहेर आले ते शर्टाची बटणं उघडीच. आजकाल बटणं मलाच लावायला सांगतात, लाड वाढलेत. मी नाही लावली.

"लेकीला आधी सांगितलंत? मी कोण आहे मग?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "तिने काय सांगितलं तुला?"

"तिने काही सांगितलं नाही. मला सगळं कळलंय."

हे पलंगावर बसले, हात मांड्यांखाली घेऊन. शाळेतली मुलं थंडीत बसतात तसे. "बरं झालं," म्हणाले. "मला धीर होत नव्हता. हे बघ, दुकानाचं म्हणशील तर..."

"मला ऐकायचं नाही. घरी गेल्यावर एक पोशाख मी पहिल्यापासून नीट शिवून दाखवते. एक चुणी पडली तर मी आपण होऊन मशीनवर कापड झाकते. तोवर दुकानाचा विषय काढायचा नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुझं शिवणं..." आणि थांबले. पुढचं मी ऐकलं नाही, चपला घालून बाहेर पडले. पुढे काय असणार ते माहीत होतं.

शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण अजून मला त्याचा नीट अर्थ लागत नाही.

इथे एक लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. लग्न उद्या, किनाऱ्यावर. सकाळी जिन्यापाशी नवरीची आई पांढरा झगा कवेत घेऊन रडत होती, शेजारी रिसेप्शनवरची मुलगी. मी थांबले. लग्नाचा कपडा आणि रडणारी आई दिसली की माझे पाय आपोआपच थांबतात. मुलीने तिच्या मोबाइलमध्ये काहीतरी म्हटलं आणि मोबाइल आमच्या भाषेत, बातम्या दिल्यासारखा बोलला: "वधूचे वस्त्र चार बोटे लांब आहे. विवाह उद्या आहे. येथे शिंपी उपलब्ध नाही."

मला इतकं हसू आलं. शिंपी उपलब्ध नाही म्हणे. मी मोबाइलमध्ये सांगितलं, आमचे हे मास्टर आहेत, आमच्या गावात अर्ध्या नवऱ्या ह्यांच्या हातचा कपडा घालून उभ्या राहिल्यात, दहा मिनिटांचं काम आहे. मोबाइलने ते सांगितलं तशी त्या बाईने मला मिठीच मारली.

मी हरखून खोलीत आले. हे खिडकीपाशी होते. ऐकलं आणि म्हणाले, "नको."

"नको काय? शब्द दिलाय मी."

"परत घे. अगं, नको, ऐक माझं."

मला लागायचं ते लागलं. माझ्या शिलाईची भीती. म्हटलं, "तुम्ही फक्त कापा. खालची किनार मी हाताने घालते, मशीनला शिवणार नाही. मग तर झालं?"

हे खिडकीपासून हलले. आले. पाचावर धारण बसलेल्या माणसासारखे माझ्या मागे मागे चालत आले.

नवरीच्या खोलीत ही गर्दी. आई, मावश्या, मैत्रिणी, सगळ्या पलंगावर आणि खुर्च्यांवर, जसा काही खेळ आहे. नवरीला स्टुलावर उभी करून मी टाचण्या लावल्या, मग झगा उतरवून मोठ्या टेबलावर पसरला. साटीन होतं, हातातून निसटणारं. धोबीखान्यातून कात्री आली. धार चांगली होती. मी ती ह्यांच्या हातात दिली.

हे म्हणाले, "सगळ्यांना बाहेर जायला सांग."

"अहो, त्यांच्या पोरीचा झगा आहे."

"मग तू तरी जा."

मी गेले नाही. ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कात्री लावली. मी म्हटलं हे काय नवीन, असं कोणी कापतं का. वीतभर काप बरोबर गेला. मग कात्री थांबली, एकदम हलली आणि टाचण्यांची रेघ सोडून वर घेरात घुसली. चांगली हातभर.

नवरीच्या आईने तोंडावर हात ठेवला. ह्यांनी कात्री हळूच टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि निघून गेले.

त्या क्षणी मी ह्यांचा मनापासून तिरस्कार केला. मला वाटलं, मुद्दाम केलं. मला शब्द परत घ्यायला सांगितला, मी घेतला नाही, म्हणून चारचौघांत माझं नाक कापलं.

पण झगा समोर फाटका पडला होता आणि लग्न उद्यावर. मी कात्री उचलली. लग्न झाल्यापासून कापडाला कात्री लावली नव्हती, तीही परक्या मुलीच्या लग्नाच्या कपड्याला लावायची. आधी खालची पट्टी सरळ कापून काढली. मग जिथे काप घुसला होता तशीच चीर दुसऱ्या बाजूलाही दिली, आणि उरलेल्या पट्टीतून दोन कळ्या काढल्या, वर निमुळत्या, खाली रुंद. दोन्ही चिरांत एकेक बसवायची, म्हणजे घेर तसाच शिवलाय असं वाटेल. धोबीखान्यात जुनं मशीन होतं. तिथली बाई बाजूला सरली आणि मला खुर्ची दिली.

कळी लावली, धावदोरा घातला, मशीन चालवलं. कड कडेवर बसली. मी थांबून बघितलं. ओढावं लागलं नाही, चुणी नाही, टोकाला टोक. दुसरी लावली, तीही तशीच. साटीन, परकं मशीन, खिडकीचा उजेड नाही, नुसता एक दिवा, आणि शिलाई रुळासारखी सरळ.

नवरीने झगा घातला, गिरकी घेतली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कौतुक ऐकू येत होतं, पण लक्ष नव्हतं. मी धोबीखान्यात परत गेले आणि त्या मशीनसमोर नुसतीच बसले.

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. हातांनाही नाही. मी कापलं ते मी शिवलं आणि ते जुळलं. मग वर्षभर काय जुळत नव्हतं?

आता खोलीत आलेय. हे खोलीत नाहीत. मोबाइल इथेच पलंगावर पडलाय.

शनिवार

काल वही टाकून धावतच किनाऱ्यावर गेले. नको नको ते मनात येत होतं. रखवालदाराला हातांनी उंची दाखवली, टक्कल दाखवलं, त्याने दूर बोट केलं.

हे पाण्याच्या कडेला बसले होते. हात वाळूत. मी शेजारी बसले, धाप लागलेली. चिडून एक रट्टा घालावा असं वाटत होतं, पण म्हटलं, "हात बाहेर काढा."

त्यांनी उजवा हात बाहेर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मोटर चालू असते, पाय पायडलवर नसतो, तेव्हा मशीनचं टेबल कसं बारीक थरथरतं, तसा. थांबतच नव्हता. मी दोन्ही हातांनी दाबून धरला तरी आत चालूच.

"कधीपासून?"

"मागच्या लग्नसराईपासून. डॉक्टरला दाखवलं. बटणं आणायला जातो सांगून गेलो होतो. मज्जातंतूंचं आहे, जाणार नाही म्हणाले. गोळ्यांनी आटोक्यात राहतं. थोडंफार."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू माझ्या कापावर डोळे मिटून शिलाई घालतेस. तुला सांगितलं असतं तर तू रोज माझ्या हाताकडे बघितलं असतंस."

माझा जीव विरघळला तिथे. मी हात सोडला नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर मी सगळं पोटात घातलं असतं. पण माझ्या मनात तो बाक आला, चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेरचा.

"पहिल्याने सांगितलं होतं, नंबर तोच आहे."

ह्यांनी मान हलवली.

"तुम्ही म्हणालात, दुसऱ्याकडे दाखवू. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"काकूंनी कोट आपटला तेव्हा?"

"माहीत होतं."

"मी वर्षभर रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर वाचत होते. तुम्ही चहा पीत समोर बसलेले असायचात."

पाणी पायांपर्यंत येऊन गेलं. मग म्हणाले, आणि मला हे शब्द न शब्द लिहून ठेवायचे आहेत: "मास्टरचा हात गेला म्हणण्यापेक्षा मास्टरच्या बायकोचे डोळे गेले म्हणणं सोपं होतं. तू आपण होऊन उठली असतीस, दुकान बंद झालं असतं, आणि माझं नाव राहिलं असतं. मी वाटच बघत होतो, तू कधी उठतेस त्याची."

मी त्यांचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खोलीत आले. रडले. ते ह्यांच्या हातासाठी की माझ्या वर्षासाठी, हे मला सांगता येणार नाही. आजचं लग्न मी खिडकीतूनच बघितलं. नवरी चालताना दोन्ही कळ्या वाऱ्याने उघडत होत्या. झगा चांगलाच बसला होता.

आज बटणं लावून दिली. बोलले नाही.

रविवार

सकाळी जेवणघरात ह्यांनी पहिल्यांदा भरलेली ताटली आणली. काटा वाजत होता ताटलीवर, अंडं शर्टावर सांडलं. बघणाऱ्यांनी बघितलं. मी पुसायला गेले नाही. ह्यांनीच पुसलं आणि पुन्हा घास घेतला. एवढ्या दिवसांत आज कुठे पोटभर जेवले.

खोलीत आल्यावर विचारलं, "मग दुकान बंद करू या?"

मी म्हटलं, "दुकान चालू राहणार. कापायलाही मी शिकेन, तुम्ही समोर उभं राहून शिकवायचं, ओरडायचं असेल तर ओरडायचं. पण त्याआधी एक काम. वर्षभरात ज्या ज्या बाईने मला बोल लावला तिला तुम्ही सांगायचं, चूक कोणाची होती ते. एकेकीला. गावात गेल्यावर नाही, आजच."

मला वाटलं घासाघीस करतील. निदान घरी जाऊन करू म्हणतील. हे उठले आणि मोबाइल घेऊन खुर्चीत बसले. बोट भलतीकडेच पडत होतं. पहिला फोन दूधवाल्याला लागला, त्याला सांगावं लागलं की उद्यापासून दूध चालू कर. दुसरा कुठे लागला देव जाणे. माझे हात शिवशिवत होते, एका बोटाचं काम, पण मी पलंगाची चादर धरून बसून राहिले. शेवटी काकूंचा आवाज आला.

"मास्टर? इतक्या लांबून? सगळं बरं आहे ना?"

"काकू, तुमचा कोट," हे म्हणाले. "तो मी चुकीचा कापला होता. माझा हात थरथरतो. वर्ष झालं. हिच्या शिलाईत काही खोट नव्हती. तुम्ही हिला बोललात, मी उभा राहून ऐकलं."

मग काकू म्हणाल्या, "तिला द्या फोन."

मी हाताने नको म्हटलं.

"ती नको म्हणते."

"बरोबरच आहे तिचं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

ह्यांची कानशिलं घामाने ओली झाली होती. उजवा हात गुडघ्यावर उडत होता, या वेळी त्यांनी तो लपवला नाही. मला वाटलं, झालं, पुरे. माणसाने किती खाली वाकायचं? आयुष्यभर ताठ मानेने कात्री चालवलेला हा माणूस. शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता.

हे म्हणाले, "पुढची कोण?"

पुरे म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "दातांच्या डॉक्टरीणबाई."